खिशातल्या गोळ्या

"फेकलास म्हणजे? कुणाला विचारून फेकलास?"

"त्यात विचारायचं काय, आई? गंजका डबा होता. निम्म्या गोळ्यांच्या तारखा उलटून गेलेल्या, निम्म्यांवर तारीखच नाही. बटणांचा डबा समजून हात घातला, तर बोटांना सगळा चुरा."

"चुरा असो नाहीतर भुसा असो. खिशात सापडलेली वस्तू टाकायचा आपल्याला अधिकार नाही. या दुकानाचा नियम आहे तो. तू जन्मायच्या आधीपासूनचा."

"अहो, पण ज्याचा खिसा त्यालाच नको होत्या! 'टाकून द्या हो काकू' असं म्हणतात, हे तुम्हीच सांगता ना?"

"म्हणणारे म्हणतात, ठेवणारे ठेवतात."

"पण ठेवून करायचं काय त्यांचं? लोणचं?"

यावर सासूकडे उत्तर होतं, पण ते देता येण्यासारखं नव्हतं. तिने इस्त्री उचलली आणि समोरच्या शर्टाच्या बाहीवर अशी काही दाबली की वाफेचा फुत्कार सुनेपर्यंत पोचला. सूनही काही कमी नव्हती. ती काउंटरवरच्या चिठ्ठ्या लावत, पण ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणाली, "एका गंजक्या डब्यावरून एवढं रामायण!"

तेवढ्यात मागच्या धुण्याच्या खोलीतून सासरे आले. कोपरापर्यंत ओले हात, नाकाच्या शेंड्याला फेस.

"काय झालं?"

"डबा फेकला हिने."

"कुठला?"

"वरच्या फळीवरचा. कोपऱ्यातला."

त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग फळीवरच्या रिकाम्या गोल डागाकडे. "मी आणतो दुसरा डबा," ते म्हणाले.

"डब्याचं कुठं अडलंय!"

ते हात पुसत आत गेले. भांडणात त्यांचा वाटा नेहमी एवढाच असायचा.

सगळी गल्ली सासूला कडककाकू म्हणायची. एक तर तिच्या हातची इस्त्री. तिने इस्त्री केलेला शर्ट अंगात घातला की बुटका माणूसही दोन बोटं उंच वाटायचा. दुसरं कारण तिची जीभ. पण ज्यांना दुसरं कारण माहीत होतं ते पहिल्यासाठी परत परत यायचे, म्हणून धंद्याचं काही बिघडत नव्हतं.

लाँड्री लांबट आणि अरुंद होती. रस्त्याकडे काउंटर, मध्ये खिडकीशी इस्त्रीचं टेबल, मागे धुण्याची यंत्रं आणि खळीचं पातेलं. एका कडेने वर जाणारा जिना, वर दोन खोल्या. नवरा धुवायचा, ती इस्त्री करायची, मुलगा घरोघर कपडे पोचवायचा आणि सून काउंटर सांभाळायची.

कडककाकू लग्न होऊन आली तेव्हा या टेबलाशी तिची सासू उभी असायची. टेबल मुद्दाम उंच करून घेतलेलं. "इस्त्री हातांनी करत नाहीत, पायांनी करतात," सासू म्हणायची. "पाय रोवून उभं राहिलं की हात आपोआप सरळ जातो. बसून करतात ती इस्त्री नव्हे, ते कपड्यांना कुरवाळणं." असं म्हणणारी ती बाई एके दिवशी गुडघे धरून खुर्चीवर बसली, आणि संपलंच. दोन-चार दिवस लोक विचारत राहिले, बऱ्या आहात ना. मग टेबल सुनेचं, म्हणजे कडककाकूचं, झालं. गिऱ्हाइकं सुनेशी बोलू लागली. खळ किती घालायची, रेशमी कापडाला फडकं ओलं घ्यायचं की कोरडं, हे म्हातारीला कुणी विचारेनासं झालं. वर्षभरात ती बाई इतकी गप्प झाली, की घरात आहे की नाही ते पाहायला वर जावं लागायचं. कडककाकूने तिला शेवटपर्यंत जपलं, हातावर झेललं. पण एक गोष्ट तिने मनात पक्की बांधून ठेवली. जी बसली ती संपली.

म्हणून तिचे स्वतःचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने ते कुणाला कळू दिलं नाही. उजवा पाय सुजायचा, तर साडीची निरी जरा खाली सोडायची. कळ आली की टेबलाची कड घट्ट धरायची आणि गिऱ्हाइकाशी भांडण काढायची. भांडताना चेहरा वाकडा झाला तर कुणाला नवल वाटत नाही. नवऱ्याने विचारलं, "काय गं?" की ठरलेलं उत्तर: "काही नाही."

आता गोळ्यांचं. कपडे धुवायला टाकण्याआधी प्रत्येक खिसा चाचपायचा, ही तिच्या सासऱ्यांची शिस्त. सापडलेली वस्तू पाकिटात घालून कपड्याला टाचायची. किल्ल्या, तिकिटं, कुणाच्या दाढेचं सोनं, एकदा एक जिवंत कासवाचं पिल्लू. ज्या वस्तू मालकांना नको असत, त्या फळीवरच्या डब्यांत जात. बटणं बटणांत, पिना पिनांत. आणि चौकातल्या मोठ्या हॉस्पिटलचे पांढरे कोट धुवायला येऊ लागले तेव्हापासून एक डबा गोळ्यांचाही झाला. डॉक्टरांच्या खिशात काय नसतं? औषध कंपन्यांची माणसं नमुन्याची पाकिटं देतात, डॉक्टर ती खिशात टाकतात आणि विसरतात. दोन गोळ्या राहिलेली पाकिटं, चार राहिलेली, कुठे अख्खी.

पहिली गोळी तिने घेतली ती एका हॉटेलचे टेबलक्लॉथ इस्त्री करायचे होते त्या दिवशी. ढीग छातीपर्यंत आलेला आणि गुडघ्यात जणू कुणी स्क्रू पिळत होतं. तिने डबा उघडला. एका पाकिटावर गुडघ्याचंच चित्र होतं, लाल वर्तुळं काढलेलं. ते पाकीट हाडांच्या डॉक्टरांच्या कोटातलं, हे तिला पक्कं आठवत होतं. आणि तिने स्वतःशी असा हिशोब केला की हाडांच्या डॉक्टरच्या खिशातली गोळी म्हणजे डॉक्टरने दिल्यासारखीच. फक्त मध्ये तपासणी झाली नाही एवढंच.

तासाभरात स्क्रू थांबला. ढीग संध्याकाळच्या आत उतरला. नवरा म्हणाला, "आज अगदी वाऱ्यासारखा हात चालतोय." तिला दहा वर्षांनी लहान झाल्यासारखं वाटलं.

मग ती सवय झाली. तिने गोळ्यांना स्वतःची नावं ठेवली होती. हाडवाल्यांची पिवळी गुडघ्याला. दातवाल्या बाईंची गुलाबी मनगटाला, कारण दात काय आणि मनगट काय, हाडच की. डोकं दुखलं तर बालरोगवाल्यांची पांढरी. आणि एक इवलीशी गोळी होती हृदयवाल्यांची. ती रक्त पातळ करते असं कुणी गिऱ्हाईक बोललं होतं. रक्त पातळ झालं की पाय हलके होतील, असं वाटून तीही कधीमधी. एकच गोळी रोज घेणं चुकीचं, त्याची सवय लागते, म्हणून ती आलटून पालटून घ्यायची. आपण फार बेताने वागतो अशी तिची समजूत होती. घ्यायची कधी? सकाळी दुकान उघडलं की, चहाच्या घोटाबरोबर. मुलगा सकाळचे कपडे पोचवायला जाईपर्यंत तिच्या पोटात चहाशिवाय काही जात नसे.

पोटाने आपल्या परीने सांगून पाहिलं. आधी छातीच्या खाली जळजळ. तिने चिमूटभर खाण्याचा सोडा पाण्यातून घेतला आणि ढेकर देऊन विषय मिटवला. मग भूक मेली. मग जिना चढताना धाप लागायला लागली, ती तिने वयाच्या नावावर टाकली. आणि हल्ली सकाळी पोट साफ झालं की जे दिसायचं ते काळंकुट्ट, डांबरासारखं. कोळशाची इस्त्री सोडून एवढी वर्षं झाली, आता कोळसा कुठून येतोय, असा विनोद तिने मनातल्या मनात केला आणि पाणी ओतलं. असल्या गोष्टी कुणाला सांगतात का?

डबा फेकला त्या दिवशी म्हणूनच ती एवढी पेटली. खिशाचा नियम वगैरे सगळं वरवरचं. उद्या सकाळी उभं कसं राहायचं, हे तिला कळत नव्हतं.

पण दुसऱ्या दिवशी फळीवर नवा डबा होता. बिस्किटांचा, झाकणावर फुलं असलेला. सहज उघडून पाहिला तर आत पिवळ्या गोळ्यांचं अर्धं पाकीट, कडेने कापलेलं. "बँडमास्तरांच्या कोटात सापडलं," नवरा मागच्या खोलीतून म्हणाला, तिने विचारलेलं नसताना.

बँडमास्तर, लाँड्रीचे जुने गिऱ्हाईक, संध्याकाळी कोट न्यायला आले तेव्हा तिने त्यांना झापलं. "या वयात एवढ्या गोळ्या कशाला खाता? पोट आहे की पेटी?"

"मी?" बँडमास्तर चक्रावले. "मी तर खोकल्यालाही मध चाटतो हो काकू."

"खिसा खोटं बोलत नाही," ती म्हणाली.

त्या आठवड्यातली एक सकाळ. खिडकीतून ऊन टेबलावर आलेलं. तिच्यासमोर बँडमास्तरांचाच पांढरा शर्ट होता, छातीवर बारीक चुण्या असलेला. अशा चुण्यांना इस्त्रीच्या टोकाने एकेक करून वाट द्यावी लागते. तिसऱ्या चुणीपाशी तिला वाटलं, खिडकीतलं ऊन कुणीतरी घडी घालून नेतंय. कानांत पाण्याचा आवाज आला. तिने टेबलाची कड धरली, पण कड हातात आली नाही.

जळक्या कापडाच्या वासाने सून धावली. सासू टेबलाखाली पडलेली, चेहरा खळीसारखा पांढरा. सुनेने तिचं डोकं मांडीवर घेतलं.

"आई! आई, इकडे बघा!"

कडककाकूने डोळे किलकिले केले. "आधी इस्त्री उचल," ती म्हणाली.

शर्टावर छातीच्या मधोमध तपकिरी होडी उमटली होती. एवढ्या वर्षांत तिच्या हातून जळलेला हा पहिला कपडा.

हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरीणबाईने तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि नर्सला काहीतरी भराभर सांगितलं. रक्त चढवायला सुरुवात झाली. पोट दाबलं, प्रश्न विचारले. काळं होतं का? किती दिवस? कडककाकूने नवऱ्याकडे, मग मुलाकडे पाहिलं आणि मुलाला म्हणाली, "तू जरा बाहेर जा." मग डॉक्टरांना हळूच म्हणाली, "होतं." त्या वाकल्या तेव्हा त्यांच्या कोटाची कॉलर तिच्या नाकासमोर आली. एका बाजूला सुरकुती, टोक दुमडलेलं. आमच्याकडचं काम नव्हे, तिच्या मनात आलं आणि तेवढ्यावर तिला जरा बरं वाटलं.

तोंडातून दुर्बिणीची नळी घालून पोट पाहिलं. आत दोन जखमा निघाल्या, एकीतून रक्त झिरपत होतं. नळीतूनच ती बंद केली. दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाई खाटेशी खुर्ची ओढून बसल्या. पायथ्याशी नवरा उभा होता, उशाशी सून संत्रं सोलत होती, जे सासूला खायची परवानगी नाही हे तिला सोलून झाल्यावर कळलं.

"काकू, दुखण्याच्या गोळ्या घेता का?"

"कधीमधी."

"कधीमधी म्हणजे?"

"दुखलं की."

"आणि दुखतं कधी?"

तिने वर पंख्याकडे पाहिलं. "उभं असताना."

"आणि उभ्या किती असता?"

"दुकान उघडं असेपर्यंत," सून मध्येच म्हणाली. तिच्या हातातली फोड तशीच राहिली. "आई, तो डबा... तुम्ही त्या खात होतात?"

मग सगळं बाहेर आलं. पिवळी, गुलाबी, पांढरी, हृदयवाल्यांची इवलीशी. डॉक्टरीणबाई रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी फक्त कपाळ चोळलं.

"काकू, पांढरी सोडली तर या सगळ्या एकाच घरातल्या. रंग वेगळे, नावं वेगळी, काम एकच. तुम्हाला वाटलं तुम्ही बदलून बदलून घेताय. पोटाला वाटलं रोज तोच मार. पोटाला आतून अस्तर असतं, त्यामुळे पोटातलं आम्ल पोटालाच खात नाही. या गोळ्या ते अस्तर विरवतात. त्यात रिकाम्या पोटी. त्यात वर रक्त पातळ करणारी. मग जखम झाली की रक्त थांबतच नाही."

"पण पोट दुखलं नाही फारसं," ती म्हणाली.

"दुखणं मारायचीच गोळी ना ती? तिने ते पण मारलं."

अस्तराचं मात्र तिला नीट कळलं. असे कोट तिने पुष्कळ पाहिले होते. बाहेरून देखणे, आतून अस्तराची जाळी झालेली, हात घातला की बाही दोन वाटांना जाते.

"किती दिवस चाललं होतं हे?"

"हॉस्पिटलचे कोट यायचे तेव्हापासून."

"पण आई," सून म्हणाली, "ते कोट तर बंद झाले. त्यांनी बाहेरच्या कंपनीला काम दिलं, मी लग्न होऊन आले त्याच सुमाराला. मग इतके दिवस डब्यात गोळ्या येत कुठून होत्या?"

कडककाकू उत्तर द्यायला गेली आणि थांबली. खरंच की. कधी एखाद्या जाकिटात, कधी पँटच्या मागच्या खिशात. लोक हल्ली फार विसरभोळे झालेत, असं ती स्वतःशीच म्हणायची.

"मी ठेवत होतो," नवरा म्हणाला.

तो खाटेच्या लोखंडी कांबीला धरून उभा होता. त्याची नखं धुण्याच्या सोड्याने पांढरी पडलेली.

"कोट बंद झाले तेव्हा तू डबा उघडून बघत होतीस. तोंड एवढंसं झालं होतं तुझं. मी मागून पाहिलं. म्हटलं, आता ही उभी कशी राहणार? मग रिकामी पाकिटं घेऊन मेडिकलवाल्याकडे गेलो, म्हटलं, अशीच दे."

"पाकिटं कापलेली असायची," ती म्हणाली.

"अख्खं ठेवलं असतं तर कळलं असतं तुला. कात्रीने अर्धं करायचो. जरा चुरगाळायचो. कधी नुसतं डब्यात, कधी कुणाच्या खिशात."

"बँडमास्तरांच्या?"

त्याने मान खाली घातली.

सुनेने तोंडावर हात धरला. तिला हसू येत होतं की रडू, ते तिचं तिलाच ठरवता येईना. डॉक्टरीणबाई उठल्या, गोळ्यांची नवी यादी सांगितली, ती पोटाची, जखम भरायची. दुखण्यावर पोटाला सोसेल असं दुसरं काही देऊ, मात्र ते आम्हाला विचारून, आणि गुडघ्यांच्या डॉक्टरांना खरोखर दाखवा, त्यांच्या खिशाला नको, असं म्हणून त्या गेल्या.

"विचारलं असतंत तर," कडककाकू नवऱ्याला म्हणाली.

"विचारलं की तू 'काही नाही' म्हणतेस."

"परत विचारायचं."

"परत विचारलं की भांडतेस."

हे खरं होतं. तिने हात पुढे केला, सुई टोचलेला. त्याने तो धरला, जपून, रेशमी कापड धरावं तसा. टेबलाशी ती उभी राहते तिथे जुन्या घोंगडीची घडी कुणी अंथरली, असं तिने एकदा मुलाला विचारलं होतं. मुलगा म्हणाला होता, मला काय माहीत. तेव्हा तिने तो विषय सोडून दिला होता. आता तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारायची गरज राहिली नाही.

"मारून टाकलं असतंत की मला, प्रेमाने," ती म्हणाली.

"हो," तो म्हणाला आणि त्याचे डोळे भरून आले. मग तिलाच त्याची समजूत काढावी लागली. "अहो, पुरे. ती नर्स बघतेय. तिला वाटेल पेशंट तुम्हीच."

घरी आल्यावर तिला वरच्या खोलीत ठेवलं. मऊ भात, दूध, केळं, ठरलेल्या वेळी गोळी, जेवणाआधी. खालून इस्त्रीचे फुत्कार ऐकू यायचे. टेबलाशी आता सून होती. कडककाकू पडल्या पडल्या कान लावायची. आवाजावरून तिला कळायचं की बाही झाली, आता पाठ, आता कॉलर घाईने उरकली. गुडघे पिवळीशिवाय आपली खरी भाषा बोलायला लागले होते. जिन्याकडे पाहिलं तरी ते कण्हायचे.

"गिऱ्हाइकं काय म्हणतात?" ती नवऱ्याला विचारायची.

"विचारतात तुला."

"ते नाही. इस्त्रीचं काय म्हणतात?"

तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. निदान तोंडाने नव्हता. "कॉलरला फरक पडतो," तो म्हणाला. "बाकी ठीक."

तिला बरंही वाटलं आणि वाईटही. बाकी ठीक. म्हणजे चार महिन्यांनी कॉलरही ठीक होईल. मग कुणी विचारणार नाही. ती रात्रंदिवस एकच गोष्ट घोळवत होती. उभं राहता येत नाही आणि बसायचं नाही. मधलं काही असतं का?

बँडमास्तर भेटायला आले, तो जळका शर्ट अंगात घालून. वरून कोट. "दिसतंय का काही?" त्यांनी ऐटीत विचारलं. "होडी आत, मी बाहेर."

"नवा घ्या आमच्याकडून."

"छट्! तुमच्या हातून जळलेला एकुलता एक शर्ट आहे हा. आणि काय हो काकू, माझ्या खिशाची बदनामी केलीत ती?"

ती मनापासून हसली. हसताना पोट दुखलं नाही, हे तिच्या लक्षात आलं.

मग एके दिवशी दुपारी ती जिन्याचा कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत खाली उतरली. कुणाला सांगितलं नाही. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मागे यंत्र घरघरत होतं. टेबलाशी सून उभी होती, पाठमोरी, हॉटेलचे टेबलक्लॉथ समोर. तिने एका पायावर सगळा भार दिला होता आणि दुसरी टाच जमिनीवरून उचललेली. मग इस्त्री उभी करून ठेवली, डाव्या हाताने टेबलाची कड घट्ट धरली आणि डोळे मिटून, ओठ आत ओढून क्षणभर तशीच राहिली.

कडककाकूला ती कड चांगली ओळखीची होती. तिथलं लाकूड तिच्याच मुठीने गुळगुळीत झालं होतं. आणि तिच्याआधी सासूच्या.

"काय झालं गं?"

सून दचकली. तिने टाच पटकन खाली टेकवली, कड सोडली आणि इस्त्री उचलली. "अगं बाई, आई! खाली कशाला आलात? काही नाही."

"पाय दुखतोय?"

"काही नाही हो. तुम्ही वर चला बघू."

"काही नाही," कडककाकू म्हणाली. तिने ते शब्द जिभेवर घोळवून पाहिले. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना ते किती उघड खोटे वाटत होते. लहान मूल जॅमने बरबटलेला हात पाठीमागे धरतं तसे.

ती टेबलाशी गेली आणि सुनेच्या शेजारी, घोंगडीच्या घडीवर उभी राहिली. दोन्ही गुडघ्यांतून कळ मस्तकात गेली. तिने कड धरली नाही. गिऱ्हाईकही नव्हतं भांडायला.

"माझा गुडघा फार दुखतोय," ती म्हणाली.

असं काही मोठ्याने बोलायची तिची आयुष्यातली ही पहिलीच वेळ. छत कोसळेल असं नाही, पण काहीतरी होईल अशी तिची अपेक्षा होती. सुनेने फक्त काउंटरमागची खुर्ची ओढली आणि म्हणाली, "मग बसा ना."

ती बसली. बसल्यावर टेबल तिच्या हनुवटीपर्यंत आलं. तिथून तिला सुनेचा चेहरा खालून दिसत होता. तरुण, घामाने चिकटलेले केस, आणि ओठाच्या कोपऱ्यात बसू पाहणारी एक बारीक रेघ.

"खरं सांग," ती म्हणाली. "कधीपासून?"

सुनेने वळून मागच्या दाराकडे पाहिलं. "तुम्ही हॉस्पिटलात होतात तेव्हापासून," ती हळूच म्हणाली. "टाच टेकवत नाही सकाळी. पण तुम्ही एवढी वर्षं उभ्या राहिलात, आणि मी महिन्याभरात रडायला लागले तर लोक काय म्हणतील? तुम्ही काय म्हणाल?"

कडककाकू टेबलाचे चार पाय पाहत बसली. शिसवी, सरळ, जाड पाय.

संध्याकाळी सगळे वरच्या खोलीत जेवायला बसले. मुलगा दिवसभराच्या फेऱ्यांच्या गमती सांगत होता. नवरा तिच्या ताटात मऊ भात वाढत होता. सून एक पाय लांब करून बसली होती, आणि सासू पाहतेय असं दिसताच तिने तो जवळ घेतला.

"लांबच ठेव तो," कडककाकू म्हणाली. मग तिने हातातला पेला खाली ठेवला आणि कुणाकडेच न पाहता सांगितलं.

"उद्या सकाळी सुताराला बोलवायचं. इस्त्रीच्या टेबलाचे पाय कापायचेत, खुर्चीवर बसून कोपर टेकेल इतके. सकाळी ही बसेल, दुपारी मी बसेन. पहिले काही दिवस घड्या बिघडतील, गिऱ्हाइकं बोलतील. बोलू देत, त्यांना मी बघते. यापुढे या दुकानात कुणी उभं राहून इस्त्री करणार नाही."